‘जरा पळवत जा’ : लातुरातल्या एका कारवानी कुत्र्याची केस

केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलंय : ‘सर्जा. कारवानी, नर, 14 महिने, 23 किलो. उजव्या बरगडीवर तारेची जखम, बाकी ठणठणीत.’ टाके किती घातले, इंजेक्शन कोणतं दिलं, सगळं त्यात आहे. निघताना मालकांना तोंडी दिलेला सल्ला तेवढा लिहायचा राहिला. तीनच शब्दांचा होता. पाच आठवड्यांनी त्याच सल्ल्यापायी ते कुत्रं माझ्या टेबलावर मरायला टेकलं होतं.

मी लातुरात पशुवैद्यक आहे. सकाळचा वेळ शिवारात म्हशी-गाईंमागे जातो, संध्याकाळी दवाखान्यात कुत्री-मांजरं. कारवानी आमच्याकडे नवीन नाही. लातूर, उदगीर, अहमदपूर, नांदेड या पट्ट्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, एखादं तरी लांब तोंडाचं, खोल छातीचं, पाठीशी पोट लागलेलं कुत्रं दिसतंच. कानाला-शेपटीला झालर असली की लोक त्याला पश्मी म्हणतात. कृष्णेच्या खोऱ्यात मुधोळ म्हणतात. कारवानी आणि मुधोळ एकच की दोन, यावर तास तास भांडणारे लोक मला भेटलेत. केनेल क्लबच्या वहीत कारवान हाउंड आहे, 2005 च्या टपाल तिकिटावर मुधोळ हाउंड आहे. कुत्र्याला दोन्ही नावांशी देणंघेणं नाही. त्याला समोर काहीतरी पळताना दिसलं पाहिजे, बस्स.

सर्जाचे मालक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गाव अहमदपूर तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर. मुलगी अकरावी सायन्सला, नीटच्या क्लाससाठी लातुरात. म्हणजे आई आणि मुलगी भाड्याच्या घरात, सर मोटारसायकलवर शाळा आणि लातूर अशी ये-जा करणारे. अशी निम्मी-निम्मी वाटलेली घरं इथल्या प्रत्येक गल्लीत आहेत. गावाकडे आजी-आजोबा होते. बैलजोडी विकून ट्रॅक्टर भाड्याने लावायला लागल्यावर आजोबांनी उदगीरकडच्या पाहुण्यांकडून हे पिल्लू आणलं आणि गेलेल्या बैलाचं नाव त्याला दिलं. कुत्रं आखाड्यावर वाढलं. रात्री आजोबांच्या बाजेखाली झोपायचं, पहाटे रानात हुंदडायचं, दुपारभर लिंबाखाली पडायचं. डिसेंबरात आजोबा गेले. फेब्रुवारीत आजी आणि सर्जा लातुरात आले.

दोन खोल्या, पुढे दहा बाय बारा फुटांचं फरशीचं अंगण, साडेचार फुटी भिंत, सळयांचं गेट. शेजारणीने चार गावरान कोंबड्या पाळलेल्या. पहिल्या आठवड्यात त्यातल्या दोन गेल्या. सरांनी पैसे भरून दिले आणि भिंतीवर काटेरी तार ओढून घेतली. मार्चमध्ये सर्जाने तार असतानाही उडी मारली. तो बरगडी फाडून घेऊन आला तो असा.

या जातीची कातडी पातळ असते आणि खाली चरबीचा थर जवळपास नसतो. त्यामुळे तार घुसत नाही, कापड फाडावं तशी फाडत नेते. जखम वीतभर होती, पण उथळ. भूल देताना मी थायोपेंटोन टाळतो. ग्रेहाउंडच्या घराण्यातली ही हडकुळी कुत्री त्या औषधातून लवकर बाहेर येत नाहीत. नव्या डॉक्टरांपैकी कुणी वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवावं. टाके घातले, अँटिबायोटिक दिलं.

हात धुताना सरांनी विचारलं, “डॉक्टरसाहेब, ह्याचं करावं काय? दिवसभर गेटपाशी उभं ऱ्हातंय, रातभर वरडलालंय. पोरीचा अभ्यास बोंबललाय. घरमालक म्हणलालाय, कुत्रं तरी ठेवा न्हायतर खोली तरी.”

बाहेर चार माणसं थांबलेली. मी टॉवेलला हात पुसत म्हणालो, “सर, रानातलं कुत्रं आहे. जरा पळवत जा.”

सर सज्जन माणूस. सांगितलेलं करणारा. त्यांनी पळवलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला रविवार. संध्याकाळी साडेसहाला एक ऑटो दवाखान्यासमोर थांबला. मागच्या सीटवर सर, मांडीवर सर्जा. मान लोंबलेली, जीभ गडद लाल, तोंडाला चिकट दाट लाळ, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. थर्मामीटर लावला तर 107.2 फॅरनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 100.5 ते 102.5 असतं. 106 च्या पुढे आतले अवयव शिजायला लागतात, हे मी मुद्दाम या शब्दांत सांगतो, कारण ‘ऊन लागलं’ म्हटलं की लोकांना लिंबू-सरबत आठवतं.

मागच्या अंगणात नळाखाली घेतलं. पोट, जांघा, काखा, पाय यांवर साधं नळाचं पाणी आणि बाजूने टेबलफॅन. कंपाउंडर बर्फ आणायला निघाला होता, त्याला थांबवलं. बर्फाने वरच्या शिरा आकसून आतली उष्णता आतच कोंडण्याची भीती असते. एकीकडे सलाइन सुरू केलं. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर. 103 ला पाणी बंद केलं, कारण त्यानंतरही ओतत राहिलं तर पारा खाली घसरत जातो आणि कुत्रं थंडीने जातं.

तोवर आजी दुसऱ्या ऑटोने आल्या होत्या. पायरीवर बसून त्या वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, “किती पाणी गेलं वो.” 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर. इथे कुणी असं म्हटलं की मला राग येत नाही.

पारा उतरल्यावर मी पाय बघितले. चारही पंजांच्या गाद्या सोलून निघालेल्या, एकीची कातडी पापुद्र्यासारखी लोंबत होती. तेव्हा विचारलं, “सर, कुठं पळवत होतात?”

“रिंगरोडला. गाडीमागं.”

मार्चमध्ये तीन किलोमीटरने सुरुवात. मग पाच, मग सात. रोज शाळेतून आल्यावर, म्हणजे साडेपाचला, डांबर दिवसभर तापून बसलेलं असताना. सर्जा कधी थांबला नाही, म्हणून सरांना वाटायचं त्याला झेपतंय. इथेच चूक होती, आणि ती सरांच्या आधी माझी. या कुत्र्याच्या दृष्टीने पुढे पळणारी मोटारसायकल म्हणजे पुढे पळणारा ससा. तो दिसतोय तोवर पाय थांबत नाहीत. दमलो म्हणून मागे राहावं, ही अक्कल त्याच्या रक्तात कुणी घातलेलीच नाही. शतकानुशतकं त्याउलट असलेल्याच कुत्र्यांची पैदास माणसाने केली.

दुसरं असं की हे अंग लांब पल्ल्याचं नाही. कारवानी झेप घेतं तेव्हा एका ढांगेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा अंग गोळा झाल्यावर आणि एकदा ताणल्यावर. त्यात ताकद भरपूर जाते आणि अंग झपाट्याने तापतं. रानात ही धाव मिनिटभराची असते. ससा सापडतो किंवा निसटतो, आणि कुत्रं धापा टाकत सावलीला पडतं. आम्ही त्याला सात किलोमीटर ससा दाखवत नेला होता.

तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. उष्माघातात पहिल्या रात्रीनंतरही मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची यंत्रणा दगा देऊ शकते, म्हणून रोज रक्त तपासलं. लॅबवाल्याने पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा हिस्सा, 58 टक्के लिहून त्याभोवती लाल गोल मारला होता. पाणी कमी पडल्याने तो वाढतो, त्यामुळे पहिल्या दिवशी ते पटलं. पण पंधरा दिवसांनी, खाऊनपिऊन टुणटुणीत असतानाही तो 55 होता. ग्रेहाउंडमध्ये 50 ते 65 हे नेहमीचंच, आणि सर्जाचं रक्त त्याच वळणाचं दिसलं. गावठी कुत्र्याचे आकडे लावून याला आजारी ठरवणं सोपं आहे.

चौथ्या दिवशी घरी सोडलं, आणि या वेळी मी स्वतः घरी गेलो. मार्चमध्येच जायला हवं होतं. तासभर आजींनी केलेला चहा पीत नुसता बसून राहिलो. त्या तासात लक्षात आलं की सर सांगत होते त्या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत, आणि मी तिन्हींवर एकच औषध दिलं होतं.

गेटपाशी उभं राहणं : सळयांमधून सगळा रस्ता दिसत होता. मांजर, स्कूटी, क्लासला जाणाऱ्या पोरांच्या सायकली, मोकाट कुत्री. नाकावर जगणाऱ्या कुत्र्याला याचं एवढं काही वाटत नाही. हे डोळ्यावर जगणारं. त्याला दिवसभर सिनेमा दाखवून खुर्चीला बांधून ठेवल्यासारखं होत होतं. त्यावर सरांनी त्याच दिवशी गेटला आतून हिरवी शेडनेट दुहेरी बांधली. काटेरी तार काढून भिंतीवर दोन फूट पत्रा चढवला. दहा दिवसांत गेटपाशी उभं राहणं निम्म्यावर आलं. खर्च साडेतीन हजार, त्यातला बहुतेक पत्र्याचा.

रात्रीचं रडणं : याचं पळण्याशी काही नातंच नव्हतं. जन्मापासून तो एका माणसाच्या बाजेखाली झोपला होता. इथे रात्री दार लावून त्याला अंगणात साखळीला बांधत. मी म्हणालो, आत घ्या. आजी म्हणाल्या, आत देव हायेत. मी म्हणालो, देव कोण? तर म्हणाल्या, खंडोबा. मग मला फार बोलावं लागलं नाही. खंडोबाच्या घरात कुत्र्याला जागा नाही म्हणणं त्यांनाच जड गेलं. तडजोड अशी झाली की देवघराची खोली सोडून पुढच्या खोलीत, मुलीच्या टेबलाशेजारी. शहाबादी फरशीवर नुसतं झोपून त्याच्या कोपरांना घट्टे पडलेच होते, म्हणून खाली जाड वाकळ. पहिल्या रात्री तो दोनदा उठला. तिसऱ्या रात्री मुलगी एक वाजेपर्यंत फिजिक्स करत होती आणि हा घोरत होता.

उरलं ते पळणं. ते तर त्याला हवंच होतं. पण थोडं, गारव्यात, मऊ जमिनीवर आणि चार भिंतींच्या आत. पट्टा सोडून मोकळं पळवायचं तर भिंत हवीच. काही दिसलं की हे कुत्रं हाक ऐकत नाही. शिकवूनही फारसं ऐकत नाही. मुलांना हे सांगितलं की ती नाराज होतात, यूट्यूबवर सगळी कुत्री ऐकताना दिसतात.

लातुरात अशी जागा कुठली? ती आजींनी शोधली. गल्लीच्या टोकाला एक मंगल कार्यालय आहे. आठ फुटी भिंत, मागे लॉन, आणि तिथला राखणदार आजींच्या माहेरच्या गावचा. मे महिन्यात रोज लग्नं, पण लग्नाची गर्दी दहाला सुरू होते. पहाटे साडेपाचला लॉन मोकळं असतं. अट एकच, घाण उचलायची. आजी पिशवी घेऊन स्वतः उचलतात.

पळवायची पद्धत साधी. आठ फुटांची बांबूची काठी, तिला तेवढीच दोरी, दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा. तो तुकडा आजोबांच्या जुन्या घोंगडीचा. मी सुतळी-पोत्याचा बांधा म्हणालो होतो, आजींनी घोंगडी कापून आणली. काठी जमिनीलगत गोल फिरवायची, सर्जा मागे झेपावणार, दिशा बदलायची. मिनिटभर. मग त्याला ते पकडू द्यायचं, झिंजाडू द्यायचं. कधीच हाती लागलं नाही तर कुत्रं चिडखोर होतं, हे मी दोन-तीन केसमध्ये बघितलंय. मग तीन-चार मिनिटं चालवायचं, धाप बसली की पुन्हा. अशा तीन फेऱ्या. प्रत्यक्ष पळणं सगळं मिळून चार मिनिटांच्या आत. संध्याकाळी ऊन कलल्यावर पट्ट्यावर अर्धा तास मातीच्या रस्त्याने रमतगमत, हुंगत चालणं.

सरांचा विश्वास बसेना. “सात किलोमीटरनं दमलं न्हाई, चार मिनिटांत काय व्हतंय?” पण मोटारसायकलमागे रोज पळून त्याचा दम फक्त वाढत चालला होता. आम्ही त्याला पैलवान करत होतो आणि मग पैलवान घरात का बसत नाही म्हणून कुरकुरत होतो.

पट्ट्याचं थोडं. या कुत्र्यांची मान डोक्याएवढी जाड असते, साधा पट्टा कानावरून सहज निघतो. जुने शिकारी चार बोटं रुंद चामडी पट्टा वापरत ते उगीच नाही. आम्ही तसाच करून घेतला. लांब दोरीला मात्र छातीचा पट्टाच लावायचा, कारण पळत दोरीच्या टोकाला पोचलं की गळ्याचा पट्टा मानेला हिसका देतो.

खाण्यावरून घरात वाद होता. येणारा-जाणारा म्हणायचा, “सर, कुत्र्याला खायला घालत न्हाईत का?” त्या लाजेपोटी दिवसाला सात-आठ भाकरी आणि लिटरभर दूध चाललं होतं. जुलाबही व्हायचे. मी सांगितलं, मागच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर चांगलंच आहे, कमरेची हाडं टोचायला लागली तर बोलवा. दोन वेळा मिळून चार भाकरी, पाव किलो उकडलेलं चिकन, दोन अंडी. घरातला रस्सा नको, कांदा-लसणाने कुत्र्याचं रक्त खराब होतं. पळून आल्यावर तासभर जेवण नाही, जेवल्यावर दोन तास पळणं नाही. खोल छातीच्या कुत्र्याचं भरलं पोट पिळ खातं, आणि तसं झालं तर हातात काही तासच असतात.

गोचीड, जंत, रेबीजची वार्षिक लस हे सगळं नेहमीसारखं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

जूनपर्यंत बरं चाललं. मग गावाकडची दोन पोरं आली आणि सरांना म्हणाली, शनिवार-रविवार द्या आमच्याकडं, सशाला नेतो, त्याची हौस फिटंल. सरांनी मला फोन केला. मी सरळ सांगितलं : 1972 च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि कुत्र्याने धरला तरी तुम्हीच धरल्यासारखं. वर काळवीट उठलं तर विचारायलाच नको. हौस फिटते हेही खोटं. एकदा रक्त लागलं की घोंगडीच्या तुकड्याकडे कोण बघतंय? सरांनी पोरांना चहा पाजून वाटेला लावलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, कुणी गेट उघडं ठेवलं आणि सुतळी बॉम्ब फुटला. सर्जा गेला. दोन दिवस मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयाच्या राखणदाराचा फोन आला, कुत्रं भिंतीबाहेर बसलंय म्हणून. उजवा मागचा पाय लंगडत होता, हाड शाबूत होतं, पंधरा दिवसांत बरा झाला. पुढच्या दिवाळीसाठी आतल्या खोलीत, पंखा आणि टीव्ही मोठा लावून, दार बंद, असं आम्ही ठरवून ठेवलंय.

तुळशीची लग्नं लागली आणि लॉन हातचं गेलं. रात्रीची रिसेप्शनं, पहाटेपर्यंत मंडपवाल्यांची पोरं तिथेच झोपलेली. तीन आठवडे नुसतं पट्ट्यावरचं चालणं. पाचव्या दिवशीच मुलीच्या चपलेचा बंद चावला गेला, आणि रात्री तो खोलीत फेऱ्या मारायला लागला. शेवटी सरांनी हेडमास्तरांची परवानगी काढून शाळेचं कंपाउंड मिळवलं. आता सर पहाटे त्याला ऑटोत घालून बावीस किलोमीटर नेतात. महिन्याचा खर्च बघून मी बोलणार होतो, पण त्यांनी आधीच हात वर केला.

चंपाषष्ठीला आजींचा फोन, रोडगा आणि भरीत सर्जाला देऊ का. खंडोबाच्या कुत्र्याला नैवेद्य द्यायची रीत आहे. मी म्हणालो, रोडगा द्या, भरीत नको, त्यात कांदा असतो. “मग खंडोबाला काय सांगू?” असं विचारून त्यांनी फोन ठेवला. माळेगावच्या यात्रेत श्वानांचं प्रदर्शन भरतं, तिथे नेऊ का, असं सरही विचारत होते. त्या गर्दीत नको म्हणालो.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, त्यांनी मला बोलावलं. लातूरकराला येळवशीचं बोलावणं नाकारता येत नाही. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, आत पूजेला पांडव मांडलेले, भज्जीचं पातेलं, मडक्यात आंबिल. सर्जा लिंबाच्या बुंध्याला, तीस फुटी दोरीला, छातीच्या पट्ट्यासकट. वर्षभराने तो आपल्या रानात आला होता. आल्या आल्या जुन्या आखाड्याच्या दारापर्यंत गेला, दोरी संपली तिथे थांबला, थोडा वेळ हुंगलं आणि परत फिरला.

पहिली पंगत उठत होती तेव्हा हरभऱ्यातून ससा उठला. चाळीस-पन्नास पावलांवर. सगळ्यांच्या आधी सर्जाला दिसला. तो भुंकला नाही. अंग जमिनीला टेकलं, मग उसळलं. दोरी ताणली, बुंध्याची साल खरवडली, आणि तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला. ससा तुरीत शिरला.

आजी ताट ठेवून उठल्या. दोरी हातात घेतली, हळूहळू गुंडाळत त्याच्यापर्यंत गेल्या, पाठीवर हात ठेवला. त्याचं अंग अजून थरथरत होतं, ते मला कोपीतून दिसत होतं. “गेलं ते,” आजी म्हणाल्या. “येत न्हाई आता. चल.”

बाजरीचा उंडा त्यांनी त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला, चावला, गिळला. मान तुरीकडेच होती.